काही काम नव्हतं, भेटायला गेले

आमच्या कोकणात बाईमाणसाच्या प्रवासाची कारणं ठरलेली असत. माहेरपण, बाळंतपण, लग्नकार्य, गौरी-गणपती, शिमगा आणि कुणाचे दिवस. एस.टी. स्टँडवर पिशवी घेऊन उभं राहिलं की ओळखीचं, बिनओळखीचं कुणीही विचारी, "कुठं चाललात?" त्यावर एका शब्दात उत्तर दिलं की समोरच्याचं समाधान होई. भाचीचं लग्न आहे, भाऊ आजारी आहे. बस्स. पुढचा प्रश्न नाही. पण "मैत्रिणीला भेटायला चालले आहे" हे उत्तर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कुणा बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते मीच पहिल्यांदा दिलं, आणि दिलं ते आगगाडीत बसून. ती आगगाडीही माझ्या आयुष्यातली पहिलीच. त्या प्रवासाबद्दल आज बोलायचं आहे.

सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली आगगाडी म्हटल्यावर घाटावरच्या आणि मुंबईच्या श्रोत्यांना नवल वाटेल. पण आमच्या भागात त्यात नवल काही नव्हतं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाला सलग रेल्वे मिळाली ती २६ जानेवारी १९९८ला. म्हणजे मध्ये जवळजवळ एकशे पंचेचाळीस वर्षं गेली. माझं माहेर चिपळूण. आमच्या लहानपणी चिपळूणच्या माणसाला आगगाडी बघायची तर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड गाठावं लागे. आमच्या आधीच्या पिढीने मुंबईला जायचं ते दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांतून बोटीने. आमच्या वाट्याला आली एस.टी. मुंबईला मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा रातराणीने, परळला उतरून. लग्नघर जवळच होतं. चालतच कार्यालयात आणि चालतच परत. लोकलमध्ये पाय ठेवायची वेळच आली नाही.

रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे मात्र आम्ही जन्मापासून ऐकत होतो. बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांच्या भाषणांतून ऐकलं, निवडणुकांतून ऐकलं. अखेर १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते, आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली खरोखरच डोंगर फुटू लागले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सव्वासातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. आमच्याकडची म्हातारी माणसं कामावर जाऊन बघून येत आणि म्हणत, "डोंगराच्या पोटातनं गाडी जाणार म्हणं." बोलण्यात अभिमान असे आणि थोडी धास्तीही.

आता मैत्रिणीबद्दल सांगते.

आम्ही दोघी चिपळुणात शेजारी राहत होतो आणि शाळेत एका बाकावर बसत होतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही चौदा वर्षांच्या होतो. चिपळूण काही कोयनेपासून लांब नाही. घरं हादरली, भांडी फडताळातून खाली आली. त्यानंतर कित्येक रात्री लोक घरात झोपायला तयार नव्हते. आमच्या दोन्ही घरांचं अंगण सामाईक. तिथे मांडव घातला आणि आम्ही दोघी एकाच गोधडीत झोपलो. जमीन पुन्हा हलते का, म्हणून दोघी कान लावून जाग्या असायच्या. जाग्या आहोत तर बोलायचं. त्या रात्रींमध्ये जे बोलणं झालं, तेवढं मी नंतर कुणाशीच बोलले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

मॅट्रिक झालो. १९७२ला तिचं लग्न झालं, ती कुडाळकडे गेली. १९७४ला माझं झालं, मी देवरुखजवळच्या वाडीत आले. तिचे आईवडील पुढे मुलाकडे मुंबईला गेले, चिपळूणचं घर गेलं, आणि तिचं माहेरच तिथून उठलं. त्यामुळे मे महिन्यात माहेरी गाठ पडायची तीही सोय राहिली नाही. माझ्या लग्नात ती आली होती, त्यानंतर पंचवीस वर्षं भेट नाही.

भेट नाही म्हणजे संबंध नाही असं नव्हे. पत्रं होती. पण त्या काळातली पत्रं कशी असत हे माझ्या वयाच्या बायकांना ठाऊक आहे. पोस्टमन अंगणातून हाक मारी, पत्र आधी सासऱ्यांच्या हातात जाई. ते पडवीत बसून मोठ्याने वाचत. सगळं घर ऐके. उत्तरही सगळ्यांच्या देखत लिहायचं. मग त्यात काय लिहिणार? "सप्रेम नमस्कार वि. वि. येथील सर्व क्षेम आहे. आपणाकडील क्षेम कळवावे. यंदा पाऊस बरा आहे. मुलांस आशीर्वाद." पंचवीस वर्षांत दोन्हीकडून मिळून पन्नासेक पत्रं झाली असतील. सगळ्यांत क्षेम. ती पत्रं मी ट्रंकेत जपून ठेवली होती. आज वाचली तर त्यातून पावसापाण्याचा अंदाज येईल, आम्हा दोघींचा येणार नाही.

रेल्वे सुरू झाली त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं कार्ड आलं. नेहमीचं क्षेम, भात, मुलं, आणि अगदी शेवटी, उरलेल्या जागेत बारीक अक्षरात एक ओळ जास्त होती: 'येथे अंगणातून आता गाडीची शिट्टी ऐकू येते. तुझ्याकडेही येत असेल.'

ते खरं होतं. वारा त्या बाजूचा असला की रात्री आमच्या वाडीतही गाडीचा आवाज येई. तिच्या अंगणाजवळून गेलेली गाडी दोन-तीन तासांनी आमच्याजवळून जाते, हे त्या ओळीने माझ्या लक्षात आलं. तोवर कुडाळ म्हणजे मला दुसरा मुलूख वाटायचा. त्याचं एक कारण एस.टी. मला एस.टी. लागते. मुंबई-गोवा रस्त्याची वळणं ज्यांना माहीत आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. हातखंबा, लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली असं दिवसभर तोंडात आवळासुपारी आणि हातात लिंबू धरून जायचं, तर त्याला तसंच सबळ कारण हवं. मैत्रीण हे सबळ कारण धरलं जात नव्हतं.

पुढचं सगळं वर्ष ती ओळ माझ्या मनात होती. १९९९च्या डिसेंबरात भात झोडून झालं, मुलं मोठी झालेली, हाताखाली सून आलेली. एका रात्री जेवणं झाल्यावर मी घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "कुडाळात आपलं कोण?"

"माझी मैत्रीण आहे."

"तिच्याकडे काय कार्य आहे?"

"काही नाही. भेटून येते."

घरात कुणी रागावलं नाही. रागावण्यासारखं काही नव्हतंच. फक्त कुणाला ते कळेना. मिस्टर म्हणाले, "पत्र टाक की." मुलगा म्हणाला, "एस.टी.डी. बूथवरून फोन लावून देऊ का?" दोघांच्याही मनात काळजीच होती. मी म्हटलं, "मला गाडीत बसून जायचंय." तेव्हा सगळे हसले आणि प्रश्न सुटला. कारण आगगाडीत बसायची हौस हे घरच्यांना पटण्यासारखं कारण होतं. मैत्रीण कुणाला पटली नाही, गाडी पटली. मीही जास्त बोलले नाही.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. फणसपोळी, कुळथाचं पीठ, आमसुलं. मी म्हटलं, "अहो आई, त्यांच्याकडेही कोकमं होतात." तर म्हणाल्या, "होत असतील. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नसतं." म्हणजे त्यांनी माझ्या मैत्रिणीला नातेवाइकांच्या यादीत घातली होती. त्या गाठोड्याचं ओझं मला वाटलं नाही.

मुलाने चिठ्ठीवर मोठी स्थानकं क्रमाने लिहून दिली: रत्नागिरी, राजापूर रोड, वैभववाडी रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ. "सिंधुदुर्ग आलं की पिशवी उचल," असं तीनदा बजावलं. सकाळी एस.टी.ने संगमेश्वर, तिथून स्थानक. तिकीट मी माझ्या पैशाने काढलं. आमसुलं विकून साठवलेले पैसे होते. खिडकीतल्या माणसाने "कुठे?" एवढंच विचारलं. "कशाला?" असं विचारलं नाही. मला त्याचं फार बरं वाटलं.

गाडी आली तेव्हा पहिली अडचण पायरीची. फलाट खाली आणि डब्याची पायरी कमरेएवढी वर. एका पोराने "काकू, हात द्या" म्हणत वर ओढून घेतलं. खिडकी मिळाली. गाडी सुटली तेव्हा गाडी सुटली हे कळलंच नाही. फलाटच मागे सरकतोय असं वाटलं. एस.टी.सारखा हिसका नाही, गचका नाही. पोटात काही ढवळेल म्हणून मी लिंबू मुठीत धरून बसले होते. अर्ध्या तासाने ते पिशवीत टाकलं.

उक्षी गेलं आणि करबुडे बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा. आत शिरताना माहीत नव्हतं की इतका वेळ लागेल. एकदम काळोख, चाकांचा आवाज दुप्पट झालेला, खिडकीतून गार, ओला वारा. एक लहान मूल रडायला लागलं, कुणी तरी देवाचं नाव घेतलं. मला एकदम कोयनेच्या त्या रात्री आठवल्या. तशीच काळोखात जागी माणसं, तसाच जमिनीच्या आतून येणारा आवाज. फरक एवढाच, की या वेळी तो आवाज मला कुठे तरी पोहोचवत होता. सहा-सात मिनिटांनी उजेड आला तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघून उगाचच हसून घेतलं.

रत्नागिरी सुटल्यावर पानवळचा पूल. चौसष्ट मीटर उंच. खिडकीतून खाली बघितलं तर माडांचे शेंडे भाताच्या रोपांसारखे दिसत होते. जन्मभर मी माडाखाली उभी राहून वर बघितलं होतं. कोकण वरून बघायचा तो पहिला प्रसंग. पुढे चिऱ्याच्या लाल, ताज्या कापलेल्या दरडी, मध्येच एखादी खाडी, मग काजूच्या बागा. एका स्थानकावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी थांबली. एकेरी मार्ग, तेव्हा थांबायचंच. लोक खाली उतरून बिड्या ओढत गप्पा मारत होते. वाडीच्या पारावर बसल्यासारखे. त्या थांबण्याचाही मला कंटाळा आला नाही. घरातलं काही काम समोर नाही आणि तरी आपण रिकामटेकडे नाही, ही अवस्था मला पहिल्यांदाच अनुभवायला मिळत होती.

राजापूरच्या पुढे डब्यातली भाषा बदलली. आमच्या संगमेश्वरीच्या जागी मालवणी आली. वैभववाडीला चढलेली एक बाई समोर बसली. वयाने माझ्याहून मोठी, डोक्यावर टोपली आणलेली. बसल्या बसल्या तिने विचारलं, "खंय चललंस गो बाय?"

"कुडाळला. मैत्रिणीकडे."

"काय झाला तिका? बरा नाय?"

"नाही, बरी आहे."

"मगे लगीन हा काय घरात?"

"नाही हो. काही काम नाही, भेटायला चालले आहे."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा केलंस." आणि खिडकीबाहेर बघत, जरा थांबून, "माझी एक आसा देवगडाक. तिका बघून वीस वर्सा झाली." कणकवलीला ती उतरून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं, पण ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

कुडाळचं स्थानक गावापासून बाजूला आहे. गाडीतून उतरले तर समोर तीन-चार बायका उभ्या. मी चेहरे शोधत होते, तेवढ्यात मागून हाक आली. माझ्या नावाने. श्रोतेहो, लग्नात माझं नाव बदललं. आमच्याकडे तेव्हा तशीच रीत होती. सासरी सगळे मला नव्या नावाने ओळखतात. जुनं नाव घेणारे माझे आईवडील तोवर गेले होते. त्या फलाटावर ते नाव ऐकलं तेव्हा क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत. वळून बघितलं तर ती उभी होती. केस पिकलेले, अंगाने जाड झालेली, आणि हसताना पूर्वीसारखाच तोंडावर पदर.

दोन दिवस राहिले. पहिली दुपार आमची क्षेमातच गेली. पत्रांची सवय इतकी लागली होती, की समोरासमोर बसूनही आम्ही भात, पाऊस आणि मुलांच्या नोकऱ्या यांवरच बोलत होतो. रात्री तिच्या पडवीत अंथरुणं घातली. थंडी होती. लांबून गाडीची शिट्टी आली. ती म्हणाली, "ही तुझ्याकडे चालली." मग गाडीचा आवाज विरून जाईपर्यंत आम्ही गप्प राहिलो. आणि मग ती बोलायला लागली.

१९८१च्या पावसाळ्यात तिचा दुसरा मुलगा गेला. चार महिन्यांचा होता. मला माहीत नव्हतं. तिला दुसरा मुलगा झाला होता हेच मला माहीत नव्हतं. त्या वर्षीचं तिचं पत्र माझ्या ट्रंकेत होतं आणि मला ते आठवत होतं. येथील सर्व क्षेम, भात बरे आहे. घरातल्या मोठ्या माणसांनी तिला सांगितलं होतं, लहान जीव, त्याचं कुठे कळवायचं नसतं. तिने कळवलं नाही. पत्र लिहिताना मागे दीर उभे होते. अठरा वर्षं तिने त्या मुलाचं नाव कुणापाशी मोठ्याने घेतलं नव्हतं. त्या रात्री तिने ते घेतलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. मी फक्त ऐकत होते. उशिरा मीही माझं सांगितलं. ते मी इथे सांगणार नाही. ते तिच्यासाठी होतं.

परतीच्या गाडीत मला एकच विचार पुन:पुन्हा येत होता. हे पत्रात येऊ शकलं नसतं, आणि बूथवरच्या फोनवरही आलं नसतं. तिथे मीटरचे लाल आकडे पळत असतात आणि मागे रांग असते. ते सांगायला काळोख हवा होता, शेजारी अंथरूण हवं होतं, आणि उद्याचा आख्खा दिवस हाताशी हवा होता. रेल्वेने मला आणखी काही दिलं नसतं तरी चाललं असतं. तेवढं दिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कशी आहे ती?" मी म्हटलं, "बरी आहे." आणि त्या वेळी पहिल्यांदा मला ते माहीत होतं.

त्यानंतर आमचं जाणं-येणं सुरू झालं. एका वर्षी मी, एका वर्षी ती. करबुडे बोगद्यात तीही घाबरली, हे तिने मला दोन वर्षांनी कबूल केलं. आता आम्ही दोघींनी सत्तरी ओलांडली आहे. मार्ग २०२२ साली संपूर्ण विजेचा झाला, डब्यातले चेहरे बदलले, हातात मोबाइल आले. आम्ही रोज सकाळी एकमेकींना फुलांची चित्रं पाठवतो आणि खाली 'सुप्रभात' लिहितो. ते जुन्या क्षेमासारखंच आहे. वाईट नाही, हवंच. पण त्यात मावत नाही असं काही तरी दर वर्षी साठतं, आणि ते सांगायला जावंच लागतं. गुडघे आता पायरी चढू देत नाहीत, म्हणून नातवाला बरोबर घेते. तो विचारतो, "आजी, आपण तिकडे कशाला जातो?" मी सांगते, "काही काम नाही, भेटायला." त्याला ते उत्तर विचित्र वाटत नाही.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात आत्ता एखादं नाव आलं असेल. तुम्ही म्हणाल, काही निमित्त निघालं की जाऊ. माझ्या वयात एक गोष्ट कळते, की निमित्त निघतंच. पण बहुतेक वेळा ते आजारपणाचं असतं नाही तर त्याच्याही पुढचं. तेव्हा घरात माणसं भरलेली असतात आणि आपली मैत्रीण आपल्याशी बोलण्याच्या अवस्थेत नसते. तेव्हा निमित्त नाही तोवरच जाऊन या. जाताना हातात फणसपोळी असू द्या. आणि कोकणात येणार असाल तर गाडीची वेळ आधी बघून घ्या. पावसाळ्यात आमच्याकडचं वेळापत्रक वेगळं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)